डब्याची रुंदी

विद्यालयाच्या स्मरणिकेसाठी लेख द्यावा, असे माजी विद्यार्थी समितीचे पत्र आले. त्या क्षणी मनासमोर उभा राहिला तो डालडाचा एक रिकामा डबा. विहार, प्रार्थना, संध्याकाळी सुरूच्या बनातून ऐकू येणारी भरतीची गाज, या साऱ्यांवर माझ्यापेक्षा समर्थ लेखण्यांनी यापूर्वी लिहिले आहे. डब्यावर मात्र कोणी लिहिलेले नाही. शिवाय त्या डब्याच्या संदर्भात एक जुनी बाकी माझ्या नावावर आहे. ती चुकती करण्यास याहून योग्य जागा मला दिसत नाही.

जानेवारी १९८२ मध्ये मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला आणि वर्षअखेरीस वडील कायमचे गावी परतले. घरात खाणारी तोंडे सहा आणि खारपट जमिनीचा एक तुकडा. पुढच्या जूनमध्ये एक पत्र्याची ट्रंक घेऊन मी या विद्यालयाच्या वसतिगृहात दाखल झालो. पहाटे त्रिसरण-पंचशील, मग श्रमदान, मग वर्ग. धम्मवंदनेतला ‘एहिपस्सिको’ हा शब्द आम्ही रोज म्हणत होतो. त्याचा अर्थ ‘ये आणि पाहा’ असा आहे, हे पाठांतरातून कळले. तो विज्ञानाच्या तासालाही लागू पडतो, हे आमच्या विज्ञानाच्या सरांनी दाखवले. त्यांचे नाव मी येथे लिहीत नाही. नाव छापलेले त्यांना कधीच आवडले नाही.

नववीच्या वर्गात अणूचा पाठ आला. रुदरफोर्ड, सोन्याचा वर्ख, अल्फा कण, बहुतेक कण सरळ गेले, काही वळले, फारच थोडे उलट फिरले. पुस्तकात एवढेच सहा ओळींत होते. सर म्हणाले, “न दिसणारी वस्तू केवढी आहे, हे तिच्यावर काही फेकून कसे कळते, ते आधी पाहू.” त्यांनी एक जुना फळा चार विटांवर आडवा ठेवला आणि आम्हांला पाठ फिरवायला लावून त्याखाली काहीतरी सरकवले. फळ्याच्या एका कडेवर साठ सेंटीमीटर रुंदीत एक ते साठ अशा खुणा केल्या. टोपलीत साठ चिठ्ठ्या. चिठ्ठी काढायची, त्या खुणेवरून गोटी सरळ आत सोडायची, आणि पलीकडे ती त्याच खुणेवर बाहेर येते की भलतीकडे, एवढेच नोंदवायचे. आतला आवाज ऐकायचा नाही. मुख्य म्हणजे नेम धरायचा नाही.

ही शेवटची अट आमच्यातल्या एकाला फार जड गेली. तो गोट्यांत साऱ्या वसतिगृहाचा बादशहा होता. चिठ्ठीवर कोणताही आकडा येवो, गोटी सोडण्यापूर्वी त्याचा डावा डोळा आपोआप मिटत असे.

दोनशे वेळा गोटी सोडली. नोंदवही माझ्याकडे होती. एक्केचाळीस गोट्या वळल्या. दोनशेंत एक्केचाळीस, तर साठ सेंटीमीटरांत किती? बारा पूर्णांक तीन. आम्ही आनंदाने ओरडलो. सर म्हणाले, “गोटीला स्वतःची जाडी नाही का?” दीड सेंटीमीटर व्यासाची गोटी वस्तूला नुसती कडेने घासली तरी वळते; म्हणून मोजलेल्या रुंदीत गोटीचीही रुंदी मिसळलेली असते. ती वजा केली. दहा पूर्णांक आठ. फळा उचलला. खाली डालडाचा डबा, व्यास बरोबर दहा सेंटीमीटर.

हे आठ दशांश कोठून आले? हिशेब उलटा केला तर अडतीस गोट्या वळायला हव्या होत्या. तीन जास्त. मी नोंदवही हातात घेऊन उभा राहिलो आणि साऱ्या वर्गासमोर त्या मुलाकडे बोट दाखवून म्हणालो, “याने नेम धरला.” वर्ग हसला. तो म्हणाला, “नाय धरला.” मी म्हणालो, “डोळा मिटत होतास, सगळ्यांनी पाहिलंय.” पुढच्या वेळी त्याच्या हाती कोणी गोटी दिली नाही. सर काही बोलले नाहीत. मला वाटते ते बोलणार होते आणि तास संपला. दहावीनंतर तो लाँचवर कामाला लागला.

त्याच दिवशी रात्रीच्या अभ्यासिकेत मी सरांना एक प्रश्न विचारला. डबा गोटीला स्पर्श करतो तेव्हा ती वळते. पण अल्फा कण केंद्रकाला शिवत नाही. दोघांचाही प्रभार धन, म्हणून केंद्रक त्याला दुरूनच लोटते. मग डबाही असाच स्पर्श न करता दुरून लोटू लागला, तर त्याची रुंदी किती निघेल?

सर क्षणभर थांबले. दर वर्षी २० मार्चला आम्ही सारे महाडला जात असू. न शिवता दुरून लोटणे म्हणजे काय, हे आमच्या विद्यालयात कोणाला समजावून सांगावे लागत नव्हते. पण सरांनी त्या वाटेने जाण्याचे टाळले. ते म्हणाले, “जितक्या बारकाईने पाहशील तितकी मोठी निघेल. मोठे वळण मोजलेस तर लहान डबा, सूक्ष्म वळणही मोजलेस तर मोठा डबा.” मग त्यांनी पाटीवर एक ठिपका काढला, भोवती वर्तुळ काढले. “पण अणू बाहेरून उदासीन आहे. केंद्रकाच्या धन प्रभाराइतकाच ऋण प्रभार भोवती आहे. म्हणजे हे लोटणे कुठेतरी थांबत असले पाहिजे. कुठे, ते आपल्या पुस्तकात नाही आणि मलाही माहीत नाही. प्रश्न जपून ठेव.”

शिक्षकाच्या तोंडून ‘मला माहीत नाही’ हे शब्द मी प्रथमच ऐकले.

त्या डिसेंबरात सहल अलिबागच्या चुंबकीय वेधशाळेत गेली. ही वेधशाळा मूळची कुलाब्याची, असे सर सांगू लागले तेव्हा मोठाच घोटाळा झाला. आमचा जिल्हा १९८१ पर्यंत कुलाबा जिल्हाच होता आणि समोर समुद्रात कुलाबा किल्ला उभा होता. वेधशाळा पूर्वी किल्ल्यात होती, असे अर्ध्या वर्गाने गृहीत धरले. सरांना म्हणायचे होते मुंबईचे कुलाबा. तेथे १८४१ पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाची मोजणी चालू होती. सप्टेंबर १८५९ मध्ये सूर्यावरून निघालेल्या प्रभारित कणांचे प्रचंड वादळ पृथ्वीवर आदळले, तेव्हा चुंबकीय बलात झालेली मोठी घसरण कुलाब्याच्या नोंदींत उतरली. ती नोंद जगभरचे अभ्यासक आजही वापरतात.

पुढे मुंबईत घोड्यांच्या ट्रामऐवजी विजेच्या ट्राम आणण्याचे ठरले. विजेच्या ट्रामचा प्रवाह रुळांतून परतताना काही अंशी जमिनीत झिरपतो आणि त्याच्या चुंबकीय परिणामाने वेधशाळेची नाजूक सुई थरथरते. तेव्हा वेधशाळेचे संचालक होते नानाभाई मूस, त्या पदावरचे पहिले भारतीय. मोजणी वाचवायची तर ट्रामच्या प्रभावाबाहेर जायला हवे, पण मुंबईच्या जुन्या नोंदींशी नाते तुटेल इतके दूर नव्हे. खाडीपलीकडे सुमारे तीस किलोमीटरवर अलिबाग ठरले. इमारतीसाठी लोहाचा अंश नसलेला पोरबंदरचा दगड पारखून आणला. १९०४ मध्ये काम सुरू झाले, आणि दोन वर्षे कुलाबा आणि अलिबाग अशा दोन्ही ठिकाणी एकाच वेळी मोजणी करून मगच कुलाब्याची बंद केली. १९०७ मध्ये मुंबईत विजेची ट्राम धावली. ती मोजणी पुढे चालवणाऱ्या भारतीय भूचुंबकत्व संस्थेचे मुख्यालय आज आपल्याच जिल्ह्यात, नवीन पनवेलला आहे.

आत जाण्यापूर्वी आम्हांला पट्टे आणि ट्रंकांच्या किल्ल्या बाहेर ठेवायला सांगितले होते. परतताना सुरूच्या झाडांखाली बसून सर मला म्हणाले, “ट्रामचा प्रभाव अलिबागला पोचत नाही म्हणजे काय? तो थोडा पोचतच असणार. इथली सुई त्याला ओळखत नाही, एवढाच अर्थ. तुझ्या डब्याचे तेच आहे.” माझा प्रश्न त्यांनीही जपून ठेवला होता, हे तेव्हा कळले.

पुढची काही वर्षे झपाट्याने सांगतो. बी.एस्सी. झाले, पदव्युत्तर अभ्यास झाला आणि तोंडी परीक्षेचा दिवस उजाडला. परीक्षकांनी विचारले, रुदरफोर्डच्या विकिरणाचा एकूण काटछेद किती? काटछेद म्हणजे विकिरणाच्या भाषेतली डब्याची रुंदी. फक्त लांबीऐवजी क्षेत्रफळात मोजलेली. मी उत्तर दिले, अनंत. व्यस्त वर्गाचे बल कोणत्याही अंतरावर शून्य होत नाही. म्हणून कितीही दुरून जाणारा कण यत्किंचित का होईना, वळतोच. परीक्षक हसले. “अनंत? मग पत्र्यातून एकही कण आरपार जाणार नाही. रुदरफोर्डला पलीकडे कण दिसले कसे?”

उत्तर सोपे होते. काटछेदात वळलेल्या कणांची गणना होते, अडलेल्यांची नव्हे. कण वळूनही आरपार जातो. हे उत्तर मला जिना उतरताना सुचले. त्या खोलीत मात्र माझी जीभ टाळ्याला चिकटली. समोरच्या कागदावर नजर टाकून त्यांनी मला शेवटचा प्रश्न विचारला, तो भौतिकशास्त्राचा नव्हता. प्रवेश कोणत्या कोट्यातून मिळाला, असा तो होता. शेजारचे दुसरे परीक्षक खिडकीबाहेर पाहू लागले.

मी उत्तीर्ण झालो. संशोधनाचा अर्ज भरून तयार होता, तो पाठवला नाही. एका कनिष्ठ महाविद्यालयात शिकवू लागलो आणि दर वर्षी सोन्याच्या वर्खाचा पाठ आला की तो सहा ओळींतच उरकू लागलो.

पाच वर्षांनी मुंबईतल्या एका ग्रंथालयात दुसरेच काही शोधताना ‘फिलॉसॉफिकल मॅगझिन’चा मे १९११ चा अंक हाती आला. रुदरफोर्डचा मूळ लेख. उभ्याउभ्याच वाचू लागलो आणि दुसऱ्या-तिसऱ्या पानावर थबकलो. मध्यभागी एका बिंदूत प्रभार, आणि त्याभोवती एका गोलात तितकाच विरुद्ध प्रभार सर्वत्र सारखा पसरलेला. सरांच्या पाटीवरचा ठिपका आणि वर्तुळ. त्या वर्तुळाची त्रिज्या रुदरफोर्डने साधारण एका सेंटीमीटरचा दहा कोटींवा भाग धरली होती. मध्यवर्ती प्रभार धन की ऋण, हेसुद्धा त्या लेखात त्याने पक्के केले नव्हते. सोयीसाठी धन मानला होता.

म्हणजे रुदरफोर्डचे बल मुळातच मर्यादित पल्ल्याचे होते. कण गोलात शिरला की मधला प्रभार त्याला लोटतो. पण कणापेक्षा आत असलेला ऋण प्रभार उलट दिशेने ओढतो. कडेकडे जावे तसा हा आतला ऋण प्रभार वाढत जातो, आणि नेमक्या कडेवर लोटणे आणि ओढणे सारखे होऊन बल शून्य होते. बाहेर काहीच नाही. वर्तुळाबाहेरून जाणाऱ्या कणाला आपण अणूजवळून गेलो, याचा पत्ताच लागत नाही. ‘कुठेतरी थांबत असले पाहिजे’ हे सरांचे वाक्य तेथे गणिताच्या रूपात उभे होते.

मग पाठ्यपुस्तकांनी ते वर्तुळ गाळले का? लेखातच कारण आहे: रुदरफोर्डला ज्या मोठ्या वळणांचा उलगडा करायचा होता, त्यांसाठी वर्तुळाची गरज लागत नाही. ग्रंथालयाच्या पायऱ्यांवर बसून मी आकडे मांडले. त्या काळच्या वेगवान अल्फा कणांपैकी एखादा सोन्याच्या केंद्रकावर अगदी समोरून गेला, तर मीटरच्या लक्ष कोटीव्या भागाच्या तीन शतांश इतक्या अंतरावर थांबून उलटा फिरतो. हे अंतर एक सेंटीमीटर मानले, तर अणूची कड सुमारे तेहतीस मीटर दूर येते, म्हणजे आपल्या विहाराच्या पायरीपासून जवळजवळ फाटकापर्यंत. त्या मापात नव्वद अंशांनी वळायचे तर कणाची वाट केंद्रकाच्या बाजूने अर्ध्या सेंटीमीटरवरून जायला हवी. एका अंशाने वळायलाही सत्तावन्न सेंटीमीटरांच्या आत यावे लागते. आणि फाटकाजवळून जाणारा कण? भोवतालचा ऋण प्रभार नसता तरी तो अंशाच्या साठाव्या भागाइतकाच वळला असता. त्या प्रभारामुळे तेवढाही वळत नाही.

लेखात गायगरच्या मोजणीचे आकडे आहेत. सेंटीमीटरच्या एक लक्षांशाच्या चौपट जाडीच्या सोन्याच्या वर्खातून जाताना कणांचे नेहमीचे वळण ०.८७ अंश, आणि सुमारे वीस हजारांत एक कण नव्वद अंशांच्या आसपास वळतो. एवढ्या पातळ वर्खातही अणूंचे दीड हजारांच्या आसपास थर येतात. म्हणजे प्रत्येक कण शेकडो फाटकांतून आत शिरतो आणि बहुधा विहार न पाहताच बाहेर पडतो. गायगरबरोबर हे मोजणारा मार्सडेन तेव्हा वीस वर्षांचा होता, पदवीसुद्धा न मिळालेला विद्यार्थी. हे मी दर वर्षी वर्गात मुद्दाम सांगतो.

एक गोष्ट प्रामाणिकपणे नोंदवली पाहिजे. खऱ्या अणूला अशी आखीव कड नसते. ऋण प्रभार बाहेरच्या बाजूला विरळ होत जातो, कोठेही एकदम संपत नाही. त्यामुळे न्यूटनच्या गणिताने काटेकोरपणे पाहिले तर रुंदी अजूनही अनंतच राहते. ती सान्त होते पुंज यामिकीत, जेथे कणाला काटेकोर वाटच नसते. पण हा पुढचा धडा झाला. नववीच्या प्रश्नाला नववीतच मिळालेली दोन्ही उत्तरे बरोबर होती: जितक्या बारकाईने पाहू तितकी मोठी, आणि कुठेतरी थांबणारी.

लेखाची छायाप्रत घेऊन मी पुढच्याच रविवारी एस.टी.ने मुरूडकडच्या त्यांच्या गावी गेलो. सर निवृत्त झाले होते. ओटीवर बसून सुपाऱ्या सोलत होते. ऐकू कमी येत होते, म्हणून मी कागदच पुढे केला. इंग्रजी वाचायला त्यांना वेळ लागला. ते सारे वाचून होईपर्यंत मी अंगण पाहत बसलो. त्रिज्येच्या त्या अक्षरावर त्यांनी सोलण्याची सुरी टेकवली आणि बराच वेळ उचलली नाही.

मग मी तोंडी परीक्षेचे सांगितले. शेवटच्या प्रश्नासह. ते रागावले, पण परीक्षकावर नव्हे. “एक पोस्टकार्ड टाकायचे होतेस,” म्हणाले. “पाच वर्षे!”

चहा झाला. निघताना त्यांनी विचारले, “आपल्या डब्याचे आठ दशांश जास्त आले होते. ते का आले, शोधलेस का?”

मी शोधले नव्हते. मला ते माहीत होते; निदान तेरा वर्षे तसे वाटत होते. सर म्हणाले, “इतकी वर्षे तू हे शिकवतोस ना? काढ.”

त्यांच्या पाटावर खडूने मांडले. दोनशे वेळा गोटी सोडायची आणि प्रत्येक वेळी ती वळण्याची शक्यता पाचांत एकाहून किंचित कमी, तर सरासरी अडतीस वळतील. पण कोणी कितीही सरळपणे खेळो, पाच-सहा इकडे किंवा तिकडे होणे हा निव्वळ योगायोगाचा भाग आहे. आम्हांला तीन जास्त मिळाल्या होत्या. तीन म्हणजे काहीच नव्हे. पस्तीस आल्या असत्या तरी काहीच नव्हे.

“म्हणजे त्याने नेम धरला नव्हता,” सर म्हणाले.

“धरलाही असेल,” मी म्हणालो, “पण एवढ्यावरून तसे म्हणता येणार नाही.”

“मग तू कशावरून म्हणालास?”

मी पाटावरचे आकडे पाहत राहिलो. त्यावर त्यांनी पुढचा हिशेब करायला लावला: तेवढा फरक खरा की योगायोगाचा, हे खात्रीने सांगायचे तर किती वेळा गोटी सोडावी लागेल? साडेतीन हजारांच्या आसपास उत्तर आले.

तो मित्र आता रेवसच्या बाजूला असतो. स्वतःची होडी आहे, आणि समितीच्या यादीत त्याचे नाव मी पाहिले आहे. म्हणजे ही स्मरणिका त्याच्या घरी जाईल. मित्रा, त्या दिवशी वर्गासमोर तुझ्यावर आरोप करण्याइतका पुरावा माझ्या वहीत नव्हता. मी तुझा अपराधी आहे. डबा विद्यालयाच्या प्रयोगशाळेत अजून आहे, मी पाहून आलो. तळाशी गंजला आहे, पण व्यास दहाच भरतो. संमेलनाच्या दिवशी फळा आणि विटा मी मांडून ठेवीन. साडेतीन हजार गोट्या सोडायच्या आहेत, आणि डोळा मिटायला माझी हरकत नाही.